मायक्रो लॅबची रजिस्टरं संगणकावर आणायची आहेत: आधी सॉफ्टवेअर की आधी बारकोड?

बुटीबोरी_रोड यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. नागपुरातली अन्न आणि पाणी तपासणारी लॅब आहे. मायक्रो (सूक्ष्मजीव) विभागात पाच जण, रोजचे ४० च्या आसपास नमुने, त्यातले निम्मे पाण्याचे. बाकी बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसीतून येणारे मसाले, फरसाण, दुधाचे पदार्थ, आणि हंगामात काटोलकडचा संत्र्याचा रस.

सध्या आवक रजिस्टर, बेंचशीट, मीडिया (जंतू वाढवायची माध्यमं) रजिस्टर, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) रजिस्टर, इनक्युबेटरचे (जंतू वाढवायच्या ठरावीक तापमानाच्या कपाटांचे) तापमान तक्ते असं सगळं कागदावर आहे. शेवटी निकाल एक्सेलमध्ये आणि रिपोर्ट वर्डमध्ये. एकच नंबर पाच-सहा वेळा हाताने उतरवला जातो आणि चूक तिथेच होते. ०१७ चा ०७१ होतो, प्लेटवरचा (जंतू वाढवायच्या बशीवरचा) मार्कर अल्कोहोलने पुसला जातो, रविवारी वाचायची प्लेट सोमवारी आठवते.

लिम्स (लॅबच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) विकणारे येऊन सादरीकरण करून गेले. सगळं रक्ततपासणीच्या लॅबसाठी बनवल्यासारखं वाटलं, म्हणजे एक नळी, एक निकाल. आमच्याकडे एका नमुन्याच्या पंधरा प्लेटा होतात. तर विचारायचं हे की आधी सॉफ्टवेअर घ्यावं की आधी बारकोड लावावेत? प्रत्येक प्लेटला लेबल लावणं व्यवहार्य आहे का? लाइन गेली तर काय? आणि नोंद फक्त संगणकात असली तर असेसर (लॅबच्या मान्यतेसाठी तपासणीला येणारे) मान्य करतात का?

---

आवक_जावक

दोन्ही नंतर. आधी कागदावर दोन गोष्टी ठरवा: नमुन्याचा नंबर कसा बनेल आणि नमुना कुठे कुठे हात बदलतो. एवढं नक्की झालं की सॉफ्टवेअर कोणतंही चालतं. हे नक्की नसताना घेतलेलं महागडं सॉफ्टवेअर आवक रजिस्टरचा टाइपरायटर होऊन बसतं.

नंबर फक्त अंकांचा ठेवा. अक्षरं, तिरपी रेघ, ग्राहकाचं संक्षिप्त नाव असलं काही त्यात घालू नका. दहा अंक पुरतात: वर्षाचे दोन, वर्षातल्या दिवसाचे तीन, त्या दिवसाचा अनुक्रम चार आणि शेवटी एक तपासणी अंक. १७ मार्च २०२५ हा वर्षातला ७६ वा दिवस. त्या दिवशीचा बारावा नमुना २५ ०७६ ००१२, त्यावर लून पद्धतीने (आधीच्या अंकांवरून गणिताने) तपासणी अंक ६ येतो, म्हणून पूर्ण नंबर २५०७६००१२६. लेबल फाटलं आणि नंबर हाताने टाइप करावा लागला, तर एखादा अंक चुकला की यंत्र तिथेच अडवतं. शेजारचे दोन अंक उलटे पडले तरी पकडतं. अपवाद फक्त ०९ आणि ९० या जोडीचा. तुमचा ०१७ आणि ०७१ चा घोटाळा एवढ्यानेच थांबेल.

पुढे प्रत्येक भांड्यासाठी, म्हणजे प्लेट, नळी किंवा पिशवीसाठी, त्याच नंबरामागे दोन अंक जोडा. नमुना हा बाप आणि भांडी ही लेकरं. रक्ततपासणीच्या लिम्समध्ये हाच थर नसतो, म्हणून तुम्हाला ते परकं वाटलं.

आता घटना. दर वेळी तीनच गोष्टी नोंदवायच्या: कोणतं भांडं, कोणती घटना, कोणी केली. वेळ माणसाने टाकायची नाही, सर्व्हरने टाकायची. घटना मोजक्या ठेवा: आवक, वजन आणि डायल्युशन (नमुना दहा-दहा पटीने पातळ करणं), प्लेटिंग (प्लेटवर लावणं), इनक्युबेटरमध्ये गेली, बाहेर आली, वाचली, पडताळली, नष्ट केली. अन्नाच्या नमुन्याला एवढ्या आठ पुरतात. विसाव्या घटनेची यादी करायला बसलात तर लोक स्कॅन करणं सोडतील आणि संध्याकाळी सगळं एकदम भरतील. तसं झालं की रजिस्टरच बरं होतं.

साल्मोनेला मात्र एक 'टेस्ट' म्हणून बसवू नका, तिथे पायऱ्या लागतात. २५ ग्रॅम नमुना २२५ मिलि बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये, १८ तास, दोन तास इकडे-तिकडे. मग त्यातलं ०.१ मिलि आरव्हीएस या साल्मोनेला निवडणाऱ्या द्रव माध्यमाच्या १० मिलि नळीत ४१.५ अंशांवर, १ मिलि एमकेटीटीएन या तशाच दुसऱ्या माध्यमाच्या १० मिलि नळीत ३७ अंशांवर. दोन्ही नळ्यांतून एक्सएलडी आणि दुसरं एक सिलेक्टिव्ह माध्यम. म्हणजे एक पिशवी, दोन नळ्या, चार प्लेटा. एका नमुन्यामागे सात भांडी आणि तीन दिवस. दुपारी चारला लावलेली पिशवी दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते बारामध्ये उचललीच पाहिजे. यंत्राने ही खिडकी स्वतः काढून सकाळची यादी द्यावी.

आणि सर्वांत मोठा फायदा नमुना शोधण्यात नाही, उलट्या दिशेने शोधण्यात आहे. समजा व्हीआरबीए (कोलिफॉर्म मोजायचं माध्यम) च्या एका बॅचचा ग्रोथ प्रमोशनचा (माध्यमावर जंतू नीट वाढतात का या चाचणीचा) निकाल फसला, ई. कोलाय २५९२२ या प्रमाणित जंतूने अपेक्षित वाढ दिली नाही. आता त्या बॅचवर लावलेले सगळे नमुने दहा मिनिटांत सापडले पाहिजेत. कागदावर यात अख्खा दिवस जातो आणि तरी एखादा सुटतो. म्हणून प्लेटिंगच्या वेळी मीडिया बॅचचं लेबल स्कॅन करणं सक्तीचं करा. मीडिया बॅचमागे पावडरचा लॉट, ऑटोक्लेव्हची फेरी, निर्जंतुकीकरणानंतरचा पीएच आणि उघडल्याची तारीख. ही साखळी एकदा बांधली की मीडिया आणि ऑटोक्लेव्हची वेगळी रजिस्टरं आपोआप गळून पडतात.

---

लेबलवाला

लेबलांवर लिहितो. पैसा आणि वेळ इथेच जास्त वाया जातो.

मोजणी आधी. टीपीसी (एकूण जिवाणूंची मोजणी), कोलिफॉर्म, यीस्ट-मोल्ड प्रत्येकी तीन डायल्युशन म्हणजे नऊ प्लेटा, साल्मोनेलाची सात भांडी, नमुन्यावर एक आणि फॉर्मवर एक. एका अन्ननमुन्याला १८ लेबलं. पाण्याच्या नमुन्याला मेम्ब्रेन फिल्टरच्या दोन प्लेटा धरून चार. वीस अधिक वीस नमुन्यांना रोज ४४० लेबलं झाली. छापायला काहीच अडचण नाही. प्रश्न आहे ती लावायची कुठे आणि टिकतील का, हा.

बिलाच्या दुकानात मिळतं ते डायरेक्ट थर्मल लेबल अजिबात घेऊ नका. ते उष्णतेने छापतं, म्हणजे उष्णतेनेच काळं पडतं. १२१ अंशांवर ऑटोक्लेव्हमध्ये गेलं की पूर्ण काळं. ७० टक्के अल्कोहोल लागलं तरी बिघडतं. थर्मल ट्रान्सफर प्रिंटर घ्या, म्हणजे रिबनवाला. रिबन रेझिनची, लेबल पॉलिएस्टरचं. स्वस्त मेणाची रिबन अल्कोहोलच्या एका बोळ्यात पुसली जाते आणि मग दोष प्रिंटरला लागतो. फॉर्मवर किंवा कागदी पाकिटावर मेणाची चालेल, बेंचवर नाही.

बाटलीवर ५० × २५ मिमीचं लेबल आणि कोड १२८ (उभ्या रेघांचा बारकोड). दहा अंक असतील तर 'सी' संच वापरा, त्यात दोन अंक एका खुणेत बसतात. हिशेब: सुरुवात, पाच जोड्या आणि चेक मिळून सात खुणा गुणिले ११, शेवटची खूण १३, एकूण ९० मॉड्यूल (एक मॉड्यूल म्हणजे सर्वांत बारीक रेघेची रुंदी). दोन्ही बाजूंना दहा-दहा मोकळे धरले की ११०. २०३ डीपीआयच्या प्रिंटरवर मॉड्यूल २ ठिपक्यांचं, म्हणजे ०.२५ मिमी. लांबी २७.५ मिमी, लेबलात आरामात बसते. तोच नंबर अक्षरं मिसळून केला की कोड ४१ मिमीवर जातो, गोल बाटलीवर वळतो आणि स्कॅनर वाचत नाही. आवक_जावक यांनी फक्त अंक ठेवा म्हटलं, त्याचं हे दुसरं कारण.

प्लेटवर मात्र डेटा मॅट्रिक्स (ठिपक्यांचा चौकोनी कोड). बारा अंक १४ × १४ च्या चौकोनात बसतात. कडेचा मोकळा पट्टा धरून १६ मॉड्यूल, प्रत्येकी ०.३७५ मिमी, म्हणजे बरोबर ६ मिमी. ८ मिमीचं चौकोनी लेबल पुरतं. ते झाकणावर कधीच लावायचं नाही, झाकणं अदलाबदल होतात. बुडाच्या कडेला लावा. ९० मिमीच्या प्लेटचा जेमतेम एक टक्का भाग झाकला जातो आणि मोजताना तेवढं तिरकं पाहून घेता येतं. बुडाच्या मधोमध लावणारेही असतात, मग कॉलनी काउंटरवर ते बोंबलत बसतात.

स्कॅनर घेताना 'टूडी इमेजर' असाच मागा. लाल रेघेचा लेझर स्कॅनर फक्त उभ्या रेघा वाचतो, डेटा मॅट्रिक्स वाचत नाही. स्कॅनर यूएसबीवर कीबोर्डसारखा वागतो, त्याला नंबरानंतर 'एंटर' पाठवायची सेटिंग करून घ्या. आणि हे नक्की तपासा: संगणकावर मराठी कीबोर्ड चालू राहिला तर स्कॅनरने पाठवलेली अक्षरं देवनागरीत उमटतात. कॅप्स लॉक चालू असेल तर लहान-मोठी अक्षरं उलटी. बेंचवरच्या संगणकाला फक्त इंग्रजी कीबोर्ड ठेवा.

ओल्या बाटलीला काहीच चिकटत नाही. पावसाळ्यात आइसबॉक्समधून काढलेल्या बाटलीला लगेच पाणी सुटतं. म्हणून निर्जंतुक बाटल्या पाठवतानाच नंबर छापलेलं लेबल लावून पाठवा. आवक झाल्यावर फक्त स्कॅन करायचं. पिकअपवाल्यानेही तोच नंबर फॉर्मवर लावला की नमुना आणि फॉर्म तुटायचा प्रश्नच मिटतो. फक्त अशा बाटल्यांसाठी वेगळा अनुक्रम ठेवा, कारण तारीख आधी ठरलेली नसते. दिवसाच्या जागी ९०० पासून पुढचे आकडे वापरले तर गोंधळ होत नाही, वर्षात ९०० वा दिवस येतच नाही.

---

बुटीबोरी_रोड

लेबलाचं एकदम स्पष्ट झालं, धन्यवाद. पण साडेतीनशेवर भांडी प्रत्येक पायरीला स्कॅन करायची म्हणजे दिवसभर तेच करून राहू आम्ही. हातमोजे, फ्लेम, मध्येच स्कॅनर. कसं जमायचं?

---

आवक_जावक

एकेक नाही, ट्रे स्कॅन करायचा. प्लेटिंगला प्लेट एकदाच ट्रेशी जोडायची. पुढे ट्रेचं लेबल आणि इनक्युबेटरच्या दारावरचं लेबल, एवढे दोनच स्कॅन. ट्रेतल्या सगळ्या प्लेटांना घटना आपोआप लागते. दारावर 'आत' आणि 'बाहेर' अशी दोन लॅमिनेट केलेली बारकोड पट्टी लावा, म्हणजे स्क्रीनला हात लावायलाच नको. स्कॅनर स्टँडवर ठेवा, समोर धरलं की वाचणारा. हातात धरायचा स्कॅनर लॅमिनार फ्लोमध्ये नेऊ नका.

डायल्युशनच्या नळ्यांना लेबल नको. रॅकच्या खाचांना १:१०, १:१००, १:१००० असं कायमचं लिहा आणि एका वेळी एकच नमुना रॅकवर ठेवा. नळ्या अर्ध्या तासात संपतात, त्यांचा वंशवृक्ष लिहून काही हाती लागत नाही.

---

तापमापक

तापमानाच्या तक्त्यांबद्दल. दिवसातून दोनदा थर्मामीटर वाचून सही करणं बंद करता येतं, पण स्वस्त सेन्सर लावून नाही.

छंदी मंडळी लावतात त्या डीएस१८बी२० सेन्सरची अचूकता अर्धा अंश. ३० अधिक-उणे १ अंशाच्या टीपीसी इनक्युबेटरला, कॅलिब्रेशन करून घेतलंत, तर तो चालून जाईल. ४४.५ अधिक-उणे ०.२ च्या वॉटरबाथला मुळीच नाही. तिथे 'ए' वर्गाचा पीटी१०० (प्लॅटिनमच्या तारेचा सेन्सर) सुद्धा स्वतःच्या जोरावर पुरत नाही, त्याची सहनशीलताच त्या तापमानाला ०.२४ अंशांच्या आसपास येते. कॅलिब्रेशन प्रमाणपत्रातली दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये घालावीच लागते. चार तारांचा पीटी१०० घ्या, दोन तारांच्या सेन्सरमध्ये लांब केबलचा रोध तापमान म्हणून मोजला जातो.

सेन्सरचं टोक हवेत लोंबकळत ठेवू नका. ग्लिसरीन भरलेल्या छोट्या बाटलीत बुडवा. नाही तर दार उघडलं की अलार्म, आणि आठवड्याभरात कोणीतरी अलार्मची वायर काढून ठेवतो. पाच मिनिटांनी एक नोंद पुरते. सलग १५ मिनिटं मर्यादेबाहेर गेलं तर संदेश जावा.

आता नागपूरचा मे महिना. ३७ अंशांचा साधा इनक्युबेटर फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही. खोलीचा एसी बंद पडला आणि खोली ४० च्या वर गेली, तर तो ३७ वर टिकणारच नाही. २५ अंशांचा यीस्ट-मोल्डचा आणि ३० चा टीपीसीचा हे कॉम्प्रेसरवाले, थंडही करणारे बीओडी इनक्युबेटरच हवेत. लाइन गेल्यावर थंडीत सगळे इनक्युबेटर खाली जातात, उन्हाळ्यात सगळे वर जातात. फक्त 'खाली गेलं' एवढाच अलार्म लावलेला असेल तर मे महिन्यात तो गप्प राहतो. दोन्ही बाजू लावा आणि खोलीच्या तापमानालाही एक सेन्सर ठेवा, म्हणजे कारण लगेच दिसतं.

लॉगर, राउटर आणि सर्व्हर एका यूपीएसवर घ्या, इनक्युबेटर त्यावर घेऊ नका. त्यांना जनरेटर हवा. लॉगरला स्वतःची मेमरी असावी. नेटवर्क गेलं तरी नोंद साठावी आणि परत आल्यावर पाठवली जावी. नाही तर जेव्हा नोंद सर्वांत गरजेची, नेमक्या तेव्हाच फट पडते.

आवकेच्या वेळचं तापमानही नोंदवा. पाण्याला ५ अधिक-उणे ३ अंश. बंदुकीसारखं इन्फ्रारेड यंत्र बाटलीच्या पृष्ठभागाचं वाचन देतं, आतल्या पाण्याचं नाही. आइसबॉक्समध्ये साध्या पाण्याची एक जास्तीची बाटली ठेवा आणि थर्मामीटर तिच्यात बुडवा. नमुना घेतल्याची वेळ फॉर्मवरून आवकेच्या स्क्रीनवर सक्तीची करा. तपासणी सुरू करायच्या २४ तासांचा हिशेब तिथून सुरू होतो, लॅबच्या दारापासून नाही.

---

एक्सेल_पुरे

थोडा विरोधी सूर. पाच माणसं आणि ४० नमुन्यांना लिम्सची घाई नको. वरचं सगळं एका साध्या डेटाबेसमध्ये बसतं: नमुना, भांडं, घटना, मीडिया बॅच, उपकरण, निकाल असे सहा तक्ते. पोस्टग्रेएसक्यूएल फुकट आहे, फॉर्म बनवायला कॉलेजातला एखादा होतकरू पोरगा पुरतो. घटनांच्या तक्त्यावर वापरकर्त्याला फक्त भर घालण्याचा अधिकार द्या, अपडेट आणि डिलीट काढून टाका. चूक दुरुस्त करायची तर नवी ओळ घालायची, कारण लिहायचं. जुनी ओळ तशीच राहते. हीच ऑडिट ट्रेल (कोणी काय केव्हा बदललं याचा माग), वेगळी विकत घ्यावी लागत नाही.

नावात एक्सेल असलं तरी माझा एक्सेलला पाठिंबा फक्त निकालांच्या आलेखापुरता. आवक-जावक त्यात ठेवू नका. एकच रकाना सॉर्ट झाला की सगळे नंबर दुसऱ्याच निकालांसमोर जाऊन बसतात आणि ते दिसतही नाही. सुरुवातीचं शून्य गळतं. पंधरा अंकांपुढचे अंक शून्य होतात, तेही न सांगता.

---

डॉकरवाले

होतकरू पोरगा पुण्याला नोकरीला गेला की पुढे काय, हा प्रश्न राहतोच. म्हणून तयार आणि मुक्तस्रोत असं काही पाहायचं असेल तर सेनाइट बघा. बिका लिम्सपासून निघालेलं, प्लोन या वेबप्रणालीवर चालणारं. नमुना, विश्लेषण, वर्कशीट, पडताळणी, प्रकाशन हे टप्पे त्यात आहेत. नमुन्याचे उपनमुने करता येतात, आपला निकाल आपणच पडताळणं सेटिंगने बंद करता येतं. नंबरचा साचा आपल्याला हवा तसा देता येतो. प्लेट ही कल्पना मात्र त्यात तयार नाही. उपनमुना म्हणजे प्लेट मानून चालवलं तर रोज साडेतीनशेवर उपनमुने होतात आणि पडदा कामाचा राहत नाही. निकाल आणि रिपोर्ट सेनाइटमध्ये, प्लेट-ट्रेच्या घटना वर सांगितलेल्या छोट्या डेटाबेसमध्ये, अशी विभागणी जास्त बरी.

बसवताना दोन ठिकाणी लोक आपटतात. पहिलं, डॉकरच्या डब्यात (सॉफ्टवेअर चालवायच्या बंदिस्त जागेत) घड्याळ जागतिक वेळेवर असतं. भारतीय वेळ त्यापुढे साडेपाच तास. वेळक्षेत्र दिलं नाही तर पहाटे साडेपाचच्या आधीची प्रत्येक नोंद आदल्या तारखेला पडते. पाण्याचे नमुने पहाटे उतरवून घेणाऱ्या लॅबमध्ये हे फार उशिरा लक्षात येतं. दुसरं, बॅकअप. फक्त डेटा डॉट एफएस ही डेटाबेसची मुख्य फाइल उचलली तर जोडलेल्या फाइली येत नाहीत, ब्लॉबस्टोरेजचं फोल्डरही त्याच वेळचं हवं. आणि चालू डेटाबेसची फाइल सरळ कॉपी न करता त्यासाठीचं रिपोझो हे साधन वापरा. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून एखादा जुना रिपोर्ट काढून पाहा.

---

कलम_सात

असेसरच्या प्रश्नावर. आयएसओ १७०२५ (तपासणी लॅबसाठीचं मानक) ची २०१७ ची आवृत्ती कागद मागत नाही. कलम ७.५ म्हणतं की निरीक्षण घडताना नोंदवलं जावं, कोणी आणि केव्हा ते कळावं, दुरुस्ती झाली तर मूळ आणि बदललेलं दोन्ही राहावं. संगणकाचं कलम ७.११. वापरात आणण्याआधी पडताळणी, अनधिकृत प्रवेशापासून संरक्षण, बिघाडाची नोंद, आकडेमोड आणि डेटाच्या हस्तांतराची तपासणी. बाजारात सर्वांसाठी मिळणारं सॉफ्टवेअर त्याच्या ठरलेल्या वापरापुरतं पुरेसं पडताळलेलं मानता येतं. पण त्यात तुम्ही घातलेली सूत्रं, रिपोर्टचा साचा, मॅक्रो ही तुमची जबाबदारी.

त्यामुळे अडचण येते ती भलत्याच जागी. प्लेट मोजून आकडा चिठ्ठीवर लिहायचा, संध्याकाळी संगणकात भरायचा आणि चिठ्ठी टाकून द्यायची. इथे मूळ नोंद चिठ्ठी आहे आणि ती टाकून दिलेली आहे. एक तर काउंटरशेजारीच संगणक ठेवून आकडा थेट भरा, नाही तर चिठ्ठी जपा.

पडताळणीसाठी चार आठवडे दोन्ही पद्धती बरोबर चालवा, पण नुसतं चालवून उपयोग नाही. मुद्दाम चुका करून पाहा: मुदत संपलेली मीडिया बॅच स्कॅन करा, एकाच प्लेटला दोनदा निकाल भरा, वाचनाच्या खिडकीबाहेर वाचा, एका ट्रेला दोन इनक्युबेटरमध्ये घाला, वापर चालू असताना वायर ओढा. यंत्राने काय केलं ते तारखेसह लिहून ठेवा. ही पानं म्हणजेच तुमची पडताळणीची नोंद.

सामायिक पासवर्ड नको. 'मायक्रो' नावाच्या एकाच लॉगिनने पाच जण काम करत असतील तर ऑडिट ट्रेलमध्ये त्या एका लॉगिनपलीकडे काहीच दिसत नाही. ओळखपत्रावर बारकोड छापा आणि स्कॅनने लॉगिन द्या, पण निकाल पडताळताना पासवर्ड मागाच. ओळखपत्र टेबलावर पडून राहतं.

बेंचच्या पडद्यावर ग्राहकाचं नाव दाखवू नका, फक्त नंबर आणि नमुन्याचा प्रकार. एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचा) यूएलआर हा रिपोर्टचा नंबर आहे, नमुन्याचा नाही. तो आवकेला देऊ नका, रिपोर्ट निघताना द्या. रद्द झालेल्या नमुन्यांमुळे त्यात फटी पडतात आणि मग प्रत्येक फटीचं उत्तर द्यावं लागतं.

लाइन गेल्याच्या दिवसासाठी आधीच छापलेली, पानांवर क्रमांक असलेली कोरी बेंचशीट आणि ५० छापील लेबलं कपाटात ठेवा. नंतर भरताना वेळ दोन रकान्यांत भरा: काम केल्याची आणि संगणकात भरल्याची. एकाच रकान्यात मागची वेळ टाकू देणारी व्यवस्था असेसरच्या नजरेत लगेच येते.

---

बुटीबोरी_रोड

शेवटचं दोन गोष्टींबद्दल. रविवारी वाचायच्या प्लेटांचं काय करायचं, आणि '१० पेक्षा कमी' किंवा 'मोजता न येण्याइतक्या' असे निकाल आकड्यांच्या रकान्यात कसे भरायचे? सध्या एक्सेलमध्ये कोणी '<१०' लिहितो, कोणी 'निरंक', कोणी नुसतं शून्य.

---

आवक_जावक

रविवार आधी. टीपीसीला ७२ अधिक-उणे ३ तास. गुरुवारी दुपारी लावलेली प्लेट रविवारी दुपारी येते. बुधवारी चारला लावलेली शनिवारी एक ते सातमध्ये. शनिवारी अर्धा दिवस असेल तर हातात एखादाच तास उरतो. म्हणून वाचनाची वेळ प्लेटिंगच्या आधीच दाखवायची, नंतर आठवण करून द्यायची नाही. गुरुवारी टीपीसीचा नमुना घेताना पडद्याने सांगावं की वाचन रविवारी, कोण येणार? नाव टाकल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं नाही. पाच दिवसांच्या यीस्ट-मोल्डला हाच त्रास मंगळवारी होतो. कोलिफॉर्मच्या २४ अधिक-उणे २ तासांना शनिवारी.

निकालासाठी एक रकाना पुरत नाही. प्लेटच्या तक्त्यात कच्चा आकडा आणि स्थिती असे दोन ठेवा. स्थिती चारपैकी एक: मोजली, खूप जास्त, पसरलेली वाढ, वाया गेली. शून्य कॉलनी म्हणजे 'मोजली, ०'. रिकामा रकाना म्हणजे अजून वाचलीच नाही. हा फरक पुसला गेला की दोन महिन्यांनी कोणीच सांगू शकत नाही.

अंतिम निकालाच्या तक्त्यात चिन्ह वेगळं, आकडा वेगळा, एकक वेगळं. १:१० च्या १ मिलिच्या प्लेटवर शून्य आलं तर चिन्ह '<', आकडा १०, एकक सीएफयू (कॉलनी बनवणारे जंतू) प्रति ग्रॅम. साल्मोनेलाला आकडाच नाही, तिथे 'आढळला नाही' आणि '२५ ग्रॅममध्ये'. 'निरंक' हा शब्द यादीतूनच काढून टाका, तो कितीमध्ये निरंक ते सांगत नाही.

गणित यंत्राला करू द्या. दोन सलग डायल्युशनची, प्रत्येकी एक प्लेट असेल तर कॉलनींची बेरीज भागिले (व्हॉल्यूम × १.१ × पहिलं डायल्युशन). १:१०० वर १८६ आणि १:१००० वर २१ असतील तर २०७ भागिले ०.०११, म्हणजे १८,८१८. दोन सार्थ अंकांत १९,०००. पूर्ण आकडा साठवा, गोल फक्त रिपोर्टवर करा.

त्याच ठिकाणी एक तपासणी घाला: दुसऱ्या प्लेटचा आकडा पहिल्याच्या साधारण दहाव्या हिश्शाच्या आसपास आहे का. १८६ आणि २१ ठीक. २१ आणि १८६ आले तर प्लेटा उलट स्कॅन झाल्या किंवा डायल्युशनचं लेबल चुकलं. १८६ आणि १५० आले तर पिपेट बदललं नाही किंवा नीट मिसळलं नाही. यंत्राने निकाल नाकारायचा नाही, लाल करून पडताळणाऱ्याकडे पाठवायचा आणि कारण लिहायला लावायचं. मसाल्यांत असं बऱ्याचदा होतं, कारण लवंग-दालचिनीतली द्रव्यं पहिल्या डायल्युशनमध्ये जिवाणूंना दाबून धरतात आणि पुढच्या डायल्युशनला वाढ जास्त दिसते. कारणांच्या यादीत 'नमुन्याचा दाब' हा पर्याय आधीच घालून ठेवा, नाही तर लोक तिथे फक्त टिंब टाकून पुढे जातील.